फळा बदलला, शिक्षकाच्या पाठीशी कोण?

ऐरोलीहून रबाळे, महापेच्या दिशेने औद्योगिक पट्ट्यातून जाणाऱ्याला काही इमारती हमखास दिसतात. आकाराने प्रचंड, जवळजवळ बिनखिडक्यांच्या, बाजूला जनित्रांची रांग आणि प्रवेशद्वारावर कडक पहारा. आपल्या मोबाईलवरील छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, मुलांचे ऑनलाइन पाठ 'क्लाऊड'मध्ये साठवलेले असतात असे आपण म्हणतो. तो ढग आकाशात नसून अशाच इमारतींतील यंत्रांत असतो. डेटा सेंटर या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रघरे मोठ्या संख्येने आपल्या नवी मुंबईत आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा मिठागरे आणि भातखाचरांच्या जागी उभे राहणारे हे शहर एक दिवस देशाच्या माहितीचे कोठार होईल, असे कोणाला वाटले असेल?

कोठार दाराशी असूनही घरातील प्रश्न मात्र सुटलेला नाही. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालक भेटतात. त्यांच्यापैकी कोणी वसईहून, कोणी अहिल्यानगर वा जालन्याहून येऊन इथे स्थायिक झालेले. त्यांचा एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "फादर, शाळेत डिजिटल बोर्ड लागला, फी वाढली, पण मुलाला शिकवणी लावावीच लागते. मग त्या बोर्डाचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की ध्यानात येते, आपण सगळे बोर्डाकडे पाहतो. बोर्डापुढे जी व्यक्ती उभी आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखवण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यातील मुसळाविषयी बोलणे बरे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी शाळेचा व्यवस्थापक म्हणून माझ्याकडे जबाबदारी होती. शाळेच्या महोत्सवानिमित्त देणगी गोळा झाली आणि आम्ही मोठ्या हौसेने संगणक कक्ष उभारला. फीत कापली, आशीर्वाद दिला, छायाचित्रे निघाली. नंतर त्या कक्षाला कुलूप लागले. किल्ली मुख्याध्यापिकांच्या कपाटात, चपला दाराबाहेर, पडद्यावर कापडाचे आच्छादन. गणिताच्या एक ज्येष्ठ शिक्षिका एकदा माझ्याकडे आल्या. "फादर, आठवड्यातून एक तास मोकळा मिळाला तर मी हे शिकून घेईन. मुलांसमोर पहिल्यांदा हात लावायची भीती वाटते." अभ्यासक्रम पूर्ण व्हायला हवा, असे सांगून मी त्यांना परत पाठवले. यंत्रांसाठी लाखो रुपये जमवणाऱ्या माझ्याजवळ त्यांच्यासाठी एक तास नव्हता. हे शल्य मनात आहे, म्हणून हा लेख.

खैराट आणि पेरू

यंत्र दिले की शिक्षण आपोआप होईल, ही समजूत माझ्या एकट्याची नव्हती. जगातील मोठमोठ्या विद्वानांचीही होती. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही चळवळ सुरू केली. शंभर डॉलरमध्ये एक मजबूत, हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा संगणक गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती द्यायचा, असे ते स्वप्न होते. प्रत्यक्षात किंमत त्याच्या जवळपास दुप्पट झाली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये या चळवळीचा भारतातील प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आणि तो आपल्यापासून फार दूर नव्हता. रायगड जिल्ह्यात कर्जत परिसरातील खैराट या छोट्या वस्तीतील, विसेक मुलांच्या प्राथमिक शाळेत हे हिरवे संगणक आले. ज्या मुलांच्या घरी पुस्तकही क्वचित दिसे, त्यांच्या हातांत छायाचित्र काढणारा, चित्र रंगवणारा संगणक आला, तेव्हा त्यांना झालेल्या आनंदाची कल्पना करता येते. तो आनंद खरा होता आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु ही योजना भारतभर पसरली नाही.

हाच प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो दक्षिण अमेरिकेतील पेरू या कॅथलिकबहुल देशात. तेथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांना संगणक हाताळता येऊ लागले होते. परंतु गणित आणि भाषा या विषयांतील त्यांच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र पोहोचले होते. त्याचा वर्गातील धड्याशी सांधा कसा जोडायचा, हे शिक्षकांबरोबर बसून ठरवण्याचे काम मागे राहिले होते.

याहून बोलका अभ्यास शेजारच्या गुजरातेतला आहे. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांमध्ये एकच संगणकीय गणित-कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून पाहिला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पहिल्या तऱ्हेत शाळेच्या वेळेतच, शिक्षकाच्या तासाऐवजी मुलांना संगणकापुढे बसवले. दुसऱ्या तऱ्हेत शाळेचा तास जसाच्या तसा ठेवून, त्याला जोड म्हणून शाळेपूर्वी वा शाळेनंतर संगणकावर सराव दिला. यंत्र तेच होते, धडेही तेच. पहिल्या तऱ्हेतील मुले इतरांच्या मागे पडली. दुसऱ्या तऱ्हेतील पुढे गेली. शिक्षकाच्या जागी यंत्र बसवले तेव्हा हानी झाली, शिक्षकाच्या हाताशी दिले तेव्हा लाभ झाला. आवारात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

पष्टेपाडा आणि परितेवाडी

उरलेले अर्धे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील दोन जिल्हा परिषद शाळांकडे आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा हा आदिवासी पाडा आहे. २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी टॅब्लेट व मोठ्या पडद्याच्या साहाय्याने शिकवण्यास सुरुवात केली आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द राज्यभर प्रचलित झाला. पष्टेपाड्याचे महत्त्व टॅब्लेटमध्ये नाही. इतर शिक्षक ती शाळा डोळ्यांनी पाहायला येऊ लागले, हे महत्त्वाचे. आपल्यासारख्याच पगारावर, आपल्यासारख्याच अडचणींत एक शिक्षक हे करू शकतो, हे पाहून परतणारा माणूस सरकारी परिपत्रक वाचून परतणाऱ्या माणसापेक्षा वेगळा असतो. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून शाळांनी प्रोजेक्टर आणि पडदे घेतले. काही ठिकाणी ते आजही चालतात, काही ठिकाणी धूळ खात पडले. दोन्हींतील फरक बहुधा एका उत्साही शिक्षकाच्या बदलीइतका असतो.

दुसरी शाळा सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडी येथे आहे. रणजितसिंह डिसले तेथे २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छोटा काळा-पांढरा चौकोनी संकेत छापायचा आणि मोबाईलने तो टिपताच त्या धड्याशी संबंधित कविता, चित्रफीत वा स्वाध्याय उघडायचा, ही क्यूआर कोडची कल्पना त्यांनी पुस्तकात आणली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांत पुढे हे संकेत येऊ लागले, ते आज घरोघरी परिचयाचे आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशपातळीवर सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठाचा वापरही याच संकेतांमधून होतो. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली. असे दातृत्व हल्ली विरळा.

या कथेचा पुढचा भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत अभ्यासाला जाण्यासाठी त्यांनी मागितलेली रजा जानेवारी २०२२ मध्ये वादाचा विषय बनली आणि तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना त्यात लक्ष घालावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिल्याचे वृत्त आले. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु जगाने गौरविलेल्या शिक्षकाचीही पुढची वाट नियम आणि फायली यांत अडकू शकते, तर आपल्या शाळेतील, जिचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात येणार नाही, त्या शिक्षिकेच्या वाट्याला काय येत असेल, हा विचार करावा.

भीतीने शिकलेला संगणक

पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांना एमएस-सीआयटी हे नाव आठवत असेल. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम. लाखो मराठी माणसांनी त्यातून पहिल्यांदा माऊस हाती धरला, हे त्याचे मोठे योगदान होय. पण शासकीय सेवेत आणि शाळांत तो आला तो मुदतीसह आणि धाकासह. ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाला नाहीत तर वेतनवाढ रोखली जाईल, असा तो नियम. अनेकांनी परीक्षा दिली, प्रमाणपत्र फाईलमध्ये लावले आणि संगणकाला पुन्हा हात लावला नाही. हे आळसामुळे झाले असे मी म्हणणार नाही. परीक्षेसाठी जे शिकले त्याचा इयत्ता सहावीच्या अपूर्णांकांशी संबंध काय, हे कोणी सांगितलेच नव्हते.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांना ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडले आहे की, शिबिरात ऐकलेली नवी पद्धत वर्गात क्वचितच पोहोचते. शिबिरानंतर शेजारच्या वर्गातील एखादा सहकारी सोबत राहिला, पाठ पाहिला, पुन्हा करून दाखवला, तरच ती रुजते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सभागृह, चहा-बिस्किटे, दिवसभराची भाषणे आणि हजेरीपत्रकावर सही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. अपेक्षा योग्य आहे. ते ५० तास रात्री अकरा वाजता, घरची कामे उरकल्यावर, मोबाईलवर चित्रफिती पुढे ढकलत पूर्ण करायचे असतील, तर त्यांतून प्रमाणपत्रापलीकडे काही निघणार नाही.

आणखी एक विसंगती सांगितली पाहिजे, कारण पालकांना ती दिसत नाही. शाळेत तंत्रज्ञान सर्वाधिक आले ते वर्गात नव्हे, कार्यालयात. २०१५ पासूनची 'सरल' प्रणाली, 'यू-डायस'ची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधार-नोंदी, पोषण आहाराचे दैनंदिन आकडे, आणि २०२३ च्या अखेरीस चॅटबॉटवर भरायची हजेरी. यातील प्रत्येक गोष्टीला काही कारण आहे. सगळ्यांची बेरीज मात्र त्याच शिक्षिकेच्या मोबाईलवर होते. नेटवर्क नसेल तर तीच माहिती पुन्हा भरायची. दिवसाकाठी यंत्राशी तिची ओळख जर अशी माहिती मागणारा मुकादम म्हणूनच होत असेल, तर त्याच यंत्राने तिने उत्साहाने भूमितीचा पाठ तयार करावा ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

टाळेबंदीने काय दाखवले

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांना संगणक कक्षाची किल्लीही मिळत नव्हती, त्यांच्याकडून आपण दोन-तीन आठवड्यांत दूरस्थ अध्यापक होण्याची मागणी केली. त्यांनी ती पूर्ण केली, याचे आपण पुरेसे कौतुक केलेले नाही. कोणी स्वयंपाकघरातील डब्यांना मोबाईल टेकवून शिकवले, कोणी घराच्या भिंतीवर खडूने लिहिले. स्वतःच्या खिशातून डेटा पॅक घेतले. विनाअनुदानित शाळांतील तुटपुंज्या पगारावरील शिक्षकांनीही घेतले, आणि त्यांत ख्रिस्तसभेच्या शाळाही आल्या, हे मान्य करायला हवे.

शासनाच्या 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या उपक्रमातून धडे मोबाईलवर येत. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली. ती मला आवडली ती यासाठी की तिला महागडा मोबाईल लागत नव्हता. घरातला दूरदर्शन संच पुरे होता. 'असर'च्या त्या वर्षीच्या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी, पण दहातील जवळपास चार मुले बाहेरच. शिवाय घरात एक फोन, भावंडे तीन आणि वडील तो फोन घेऊन कामावर, हे चित्र तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांतही वेगळे नव्हते.

टाळेबंदीत आणखी एक गोष्ट झाली. शिक्षिकेचा वर्ग पहिल्यांदाच पालकांच्या दिवाणखान्यात आला. तिचा उच्चार, तिची गडबड, 'आवाज येतोय का?' हे पुन्हा पुन्हा विचारणे, या सगळ्यावर पालकांच्या गटांत विनोद फिरले. नवे काही शिकणारा माणूस चुकतो. आपली मुले चुकतात तेव्हा आपण त्यांना धीर देतो. ज्या शिक्षिकेला तेव्हा हसे सहन करावे लागले, ती आज नवा प्रयोग करताना दहा वेळा विचार करते. यात पालक म्हणून आपला वाटा किती, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

ख्रिस्तपुराणाची लिपी

मराठी माध्यमाच्या शिक्षकाची एक अडचण इंग्रजी शाळांना कळत नाही; ती भाषेची. बोर्डासोबत येणारे तयार धडे बहुतांशी इंग्रजीत. मराठी असले तरी अनेकदा ते मराठीत विचार करून लिहिलेले नसतात, उलथवलेले असतात. जुन्या फाँटमधील प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा खेळ दिसतो, हा अनुभव कोणत्या मराठी शिक्षकाला नाही? युनिकोडमुळे ती अडचण पुष्कळ कमी झाली, पण संपली नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला हे दुखणे नवे नाही. जेज्वीट धर्मगुरूंनी १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आणला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, पण रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. काळातील सर्वांत प्रगत यंत्र आपल्याजवळ होते. त्याला आपली अक्षरे येत नव्हती. तरीही स्टीफन्सनी लिहिणे थांबवले नाही, आणि भाषेला हात लावू दिला नाही. मराठी शाळेतील शिक्षक स्वतः पाच मिनिटांची चित्रफीत मराठीत तयार करतो तेव्हा तो याच परंपरेतील काम करत असतो, असे मला वाटते. तिची ध्वनिमुद्रणाची प्रत सुमार असेल. पण उदाहरण ऐरोलीच्या खाडीचे असेल, फ्लेमिंगोंचे असेल. बाजारातून विकत घेतलेल्या धड्यात ते नसते.

ख्रिस्तसभा काय सांगते

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच्या आठव्या परिच्छेदात दोन गोष्टी एकाच ओघात येतात. कॅथलिक शाळेचे उद्दिष्ट साध्य होणे जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून आहे, ही पहिली. म्हणून त्यांची तयारी अत्यंत काळजीपूर्वक व्हावी आणि त्यांचे अध्यापन-कौशल्य समकालीन शोधांना अनुरूप असावे, ही दुसरी. आपण पहिले वाक्य शिक्षक दिनाच्या भाषणात वापरतो. दुसऱ्या वाक्याला पैसे लागतात, वेळ लागतो. ते भाषणातून गळते. तयारी 'व्हावी' असे जिथे म्हटले आहे, तिथे ती करून देण्याची जबाबदारी शाळा चालवणाऱ्यांची आहे, एकट्या शिक्षकाची नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रश्न अधिक तातडीचा केला आहे. प्रश्नपत्रिका, निबंध, पाठाचे टाचण हे सर्व यंत्र काही क्षणांत मराठीत लिहून देते. कधी अचूक, कधी आत्मविश्वासाने चुकीचे. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने 'अँतिक्वा एत नोव्हा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शिक्षक प्रत्यक्ष समोर असण्यातून जे नाते निर्माण होते त्याची प्रतिकृती यंत्र करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विश्वपरिषदेच्या त्या जाहीरनाम्याला साठ वर्षे झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनीही शिक्षणाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात तंत्रज्ञानाला विरोध नाही; ते माणसाच्या सेवेत राहावे हा आग्रह आहे. विद्यार्थ्याने यंत्राकडून लिहून आणलेला निबंध ओळखायचा, त्याला न दुखावता बसवून पुन्हा लिहायला लावायचे, हे काम त्या मुलाला ओळखणारी शिक्षिकाच करू शकते. पण त्यासाठी त्या यंत्राची ओळख तिला विद्यार्थ्याच्या आधी व्हायला हवी. आज बहुतेक ठिकाणी उलटे घडत आहे.

मग करायचे काय

धर्मग्रामाच्या पातळीवर करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील फारच थोडे महाग आहे. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास दोन-तीन शिक्षकांना एकत्र मोकळा मिळावा. एक जण पाठ करून पाहील, दुसरा पाहील, चुका वर्गाबाहेर होतील. शाळेतील जो शिक्षक यात पुढे आहे त्याच्यावर सगळ्यांचे संगणकीय काम लादण्याची वाईट प्रथा आहे. त्याऐवजी इतरांना शिकवण्यासाठी त्याचे दोन तास कमी करावेत. हजेरी-नोंदींसारख्या कामांसाठी एखादा कारकून, किंवा निवृत्त पण तरबेज धर्मग्रामस्थ, शिक्षकाचा भार हलका करू शकतो. अर्थात मुलांची खासगी माहिती कोणाच्या हाती जाते, याचे भान राखूनच.

नवी मुंबईत तर मनुष्यबळाची वाण नाही. महापे, ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत काम करणारी कितीतरी तरुण मंडळी रविवारी आपल्याच बाकांवर बसलेली असते. वाशीत फादर कॉन्सिसाव रॉड्रिग्ज तंत्रज्ञान संस्था १९९४ पासून अभियंते घडवत आहे. अशा तरुणांनी शाळेला यंत्र भेट देण्यापेक्षा महिन्यातील एक शनिवार द्यावा. मात्र जाताना शिकवायला जाऊ नये; शिक्षिकेला विचारावे, "टीचर, तुमचा कोणता धडा मुलांना कळत नाही?" आणि तिथून सुरुवात करावी. वाशी पुलापलीकडे मानखुर्दला १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान-गणिताच्या अध्यापनाविषयी तेथे झालेले काम आपल्या शाळांनी एकदा जाऊन पाहावे.

दान देणाऱ्यांनीही एक हिशेब मांडावा. बोर्डाच्या किमतीत प्रोजेक्टरचा दिवा, दुरुस्ती, इंटरनेटचे मासिक शुल्क आणि दर वर्षी भरावा लागणारा सॉफ्टवेअरचा परवाना धरलेला नसतो. २०२३-२४ च्या यू-डायस अहवालाप्रमाणे देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. 'चालू स्थितीतील' हे दोन शब्द अहवालकर्त्यांना मुद्दाम घालावे लागतात, यातच सारे आले. देणगीतील काही वाटा शिक्षकांच्या तयारीसाठी राखून ठेवण्याची अट दात्यानेच घातली, तर कोणताही व्यवस्थापक नाही म्हणणार नाही. म्हणाला, तर त्याला माझी गोष्ट सांगावी.

पालकांच्या हाती एक साधन कायद्यानेच दिलेले आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क-विनियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि प्रस्तावित शुल्क त्याच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते. जूनमध्ये ही सभा होते तेव्हा आपली उपस्थिती बहुधा तुरळक असते. भांडायला मात्र आपण मार्चमध्ये जातो. या वर्षी जावे. डिजिटल शुल्काची नोंद समोर आली की बोर्ड किती इंचांचा, हे विचारण्याआधी विचारावे: तो वापरणाऱ्या शिक्षकांना शिकण्यासाठी शाळेच्या वेळेत किती तास दिले? त्यांच्या इंटरनेटचा खर्च कोण करते? मागच्या वर्षी घेतलेले यंत्र कोणी वापरले, आणि ज्यांनी वापरले नाही त्यांना कोणती अडचण आली? आणि हे विचारताना शिक्षिका तिथे बसलेली असेल, तर आधी तिलाच बोलू द्यावे.